चिन्नीच्या दंडावरचा डाग

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की परभणीत पहिला प्रश्न येतो, "बिर्याणी खाल्ली का?" आणि दुसरा, "मोती आणले का?" मी शाकाहारी, आणि मोत्यांतलं मला खरं-खोटं कळत नाही, त्यामुळे दोन्हीकडे नापास. तरी पंधरा दिवसांसाठी गेलेली मी चोवीस दिवस राहून आले. आल्यापासून शेजारणी विचारतायत, एवढं काय पाहिलंस तिथं? म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. माझी बाजू त्यात फारशी चांगली दिसणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

काचीगुडा

जायचं कारण घरगुती होतं. अश्विनी ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई गेली तेव्हा अश्विनी कॉलेजात होती. तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे माझंच घर. पहिलं बाळंतपणही माझ्याकडे परभणीतच झालं. मुलगी आता सात महिन्यांची झाली, अश्विनीची रजा संपली, आणि पाळणाघरात जागा मिळायला अजून पंधरा दिवस होते. "मावशी, तेवढे दिवस येतेस का?" तिनं फोनवर विचारलं, आणि फोन ठेवायच्या आत माझी पिशवी भरून तयार होती. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवलेली बाई निवृत्तीनंतर किती दिवस खिडकीत बसणार?

आणि खरं सांगायचं तर मला हैदराबाद पाहायचंच होतं. निजामाच्या काळात आमच्या आजोबांची ती राजधानी. शेताची जुनी कागदं अजून घरात आहेत, सगळी उर्दूत, आणि घरात एकालाही वाचता येत नाहीत. ती कागदं जिथून आली ते गाव कसं असेल, असं लहानपणापासून वाटायचं.

सकाळी काचीगुड्याला उतरले तर जावईबापू हजर. नितीन हैदराबादेतच जन्मलेला, वाढलेला. मराठी बोलतो, पण त्यात तीन भाषा कालवलेल्या. "मावशी, तुम्ही हितंच ठैरा, मी ऑटो बघतो. सामान छोडू नका हां." मी आपली ठैरले. ऑटोवाला त्याच्याशी तेलुगूत बोलला, माझ्याशी हिंदीत, आणि फोनवर बायकोशी बहुधा तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत. आमच्या शाळेत पोरांना एक भाषा धड यावी म्हणून मी घसा फोडला, आणि इथे माणसं तीन-तीन भाषांत भाजीचा भाव करतात!

विद्यानगर

नितीनचं घर विद्यानगरात, तिसऱ्या मजल्यावर. खाली गल्लीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं, झेरॉक्सची दुकानं आणि सकाळी सातपासून टिफिनच्या गाड्या. घराघरांतली माणसं डबा घेऊन खाली येतात आणि नाश्ता विकत घेऊन वर जातात. आमच्याकडे बाईनं सकाळचे पोहे बाहेरून आणले तर गल्लीत चर्चा होईल. दुसऱ्या दिवशी मीही उतरले आणि पेसरट्टू घेतला. हे आपलं हिरव्या मुगाचं धिरडंच, पण त्याच्या पोटात चक्क उपमा भरलेला. मी त्या गाडीवाल्या बाईला विचारलं, "उपमा अलग नहीं खाते?" ती म्हणाली, "अलग भी खाते, अंदर डालके भी खाते अम्मा. पेट में जाके एकच होता ना." हिच्याशी माझी चोवीस दिवस मैत्री राहिली.

घरात चौघं. अश्विनी, नितीन, नितीनचे वडील तात्या आणि आमची नात. नातीचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण तात्या तिला चिन्नी म्हणतात. तेलुगूत चिन्नी म्हणजे छोटी. मग सगळेच चिन्नी म्हणायला लागले.

तात्या म्हणजे उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाची इस्त्री न मोडणारा माणूस. त्यांचे वडील नांदेडकडची शेती भावांवर सोडून इकडे आले आणि गौलीगुड्यात सुतळी नि पोत्यांचं दुकान टाकलं. तात्यांनी ते पन्नास वर्षं चालवलं आणि गेल्या वर्षी बंद केलं. आता त्यांचा उद्योग एकच. दुपारी जेवण झालं की आरामखुर्चीत पाय पसरायचे, चिन्नीला छातीवर पालथं घ्यायचं आणि दोघांनी झोपायचं. खोली बंद, पडदे ओढलेले, पंखा सुरू. पोर आईजवळ झोपायची नाही इतकी त्यांच्या छातीवर गाढ झोपायची. बघून बरं वाटायचं.

फक्त ते खोकायचे. मोठ्यानं नाही. झोपलेल्या पोरीला धक्का बसू नये म्हणून ओठ मिटून, आतल्या आत.

"तात्या, खोकला जुना दिसतो," मी म्हटलं.

"हौ, सुतळीची धूळ आहे विहीणबाई. पन्नास वर्षांची जमा आहे आत. दुकान बंद झालं, धूळ कुठं जाणार? तुम्ही परेशान होऊ नका."

मी परेशान झाले नाही. लक्ष दिलं नाही असंही म्हणता येईल. मी चिन्नीला तेल लावण्यात दंग होते.

तिच्या डाव्या दंडावर हरभऱ्याएवढा एक डाग आहे. तेल चोळताना त्यावरून बोट फिरलं आणि मला जरा चोरट्यासारखं झालं. तो डाग माझा आहे. त्याची हकीकत इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चिन्नी महिनाभर आधी झाली. वजन कमी. परभणीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, बाळाला टीबीची लस आत्ता देत नाही, वजन वाढलं की घेऊन या. अश्विनी तापानं फणफणलेली होती, म्हणून हे त्यांनी मला सांगितलं, कागदावर लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. घरी आल्यावर पोर रात्रंदिवस रडायची, दूध उलटायची. मग मी माझ्या आईनं केलं तेच केलं. बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, आणि सुटलेल्या तेलाचा एक ठिपका तिच्या दंडावर ठेवला. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या हेच. बाळाचं पोट धरलं की बिब्बा, दृष्ट लागली की बिब्बा. पोटाच्या कातडीला लावायला हात धजला नाही, म्हणून दंडावर लावला. आईनं आम्हा सगळ्या भावंडांना तिथंच लावला होता.

पल्स पोलिओच्या ड्यूटीत दारोदार फिरून बायकांना अंधश्रद्धेवर भाषण देणारी बाई मी! पण रडणारं पोर मांडीवर असलं की भाषण कुठल्या कुठे जातं.

ठिपका उतला. फोड आला, फुटला, खपली धरली. ताप उतरल्यावर अश्विनीनं ते पाहिलं आणि घाबरून विचारलं, "मावशी, हे काय?" ती शिकलेली मुलगी. बिब्बा म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी पटकन म्हणाले, "अगं, लसीचं आहे ते. असंच पिकतं." तिला पटलं. लसीचंही साधारण असंच पिकतं, हे मला शाळेतल्या पोरांचे दंड बघून माहीत होतं, म्हणून तर थाप जमली.

आणि मग मी अडकले. वजन वाढल्यावर लस राहिलीय म्हणाले असते तर तिनं विचारलं असतं, मग दंडावर काय आहे? सव्वा महिना झाला, नितीन दोघींना घेऊन गेला. फाइल माझ्या कपाटातच राहिली. हैदराबाद मोठं शहर, तिथे देतीलच लस, असं मी मनाची समजूत घातली आणि विसरून गेले.

तेल लावून झालं. मी चिन्नीला झबलं घातलं आणि तो डाग झाकला.

गौलीगुडा

चौथ्या दिवशी रविवार होता. तात्या म्हणाले, "चला, तुम्हाला आमचं गौलीगुडा दाखवतो." अश्विनी-नितीन घरीच होते, म्हणून मी लगेच चपला घातल्या.

मला बाजार आवडतात. कुठल्याही गावात देवळापेक्षा आधी मी बाजारात जाते. गौलीगुड्यात एका गल्लीत नुसते दोर. काथ्याचे, तागाचे, नायलॉनचे, बैलाच्या कासऱ्यापासून इमारतीच्या परांचीपर्यंत सगळ्यांचे. तात्या एकेका सुतळीला नखानं खरडून सांगत होते, ही कोरडी, ही ओल धरते, ही तीन पदरी म्हणून विकतात पण दोनच पदर असतात. दुकानदार त्यांना "आओ सेठ" म्हणत होते. एकानं बसवून अंबाडीच्या लोणच्याची बाटली दिली. इथे अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि लसूण-मिरची घालून वर्षभर ठेवतात. आम्ही ज्वारीच्या कण्या घालून शिजवतो आणि त्याच दिवशी संपवतो. एकच भाजी, पण संसार वेगळे.

तात्यांच्या जुन्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर ते थांबले, आणि तिसरीवर बसलेच. खोकल्याची उबळ आली. या वेळी छातीवर पोर नव्हती, म्हणून त्यांनी ती दाबली नाही. मी पाणी दिलं. ते वाकलेले असताना शर्ट वर सरकला आणि मला त्यांचा पट्टा दिसला. कारखान्यातली भोकं संपून पुढे तीन भोकं हातानं पाडलेली होती, ओबडधोबड.

"हे कशानं पाडलं?"

"दाभणानं. पोती शिवायचं दाभण आहे ना घरी."

"तीन भोकं? कधीपासून?"

"एक पाडलं दसऱ्याला..." ते शर्ट खाली ओढायला लागले.

आता वर्गात चोरी पकडल्यावर मी ज्या आवाजात बोलते त्या आवाजात बोलले. "तात्या, संध्याकाळी अंग गरम होतं का?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. "थोडं होतं. घाम येतो. पण घरात सांगू नक्को विहीणबाई, हात जोडतो. सुनेची नोकरी आत्ता सुरू झाली. आणि... पोरीला माझ्यापाशी देणार नाहीत. दुपारची ती एक झोपच आहे माझ्याकडे. बाकी काय राहिलंय?"

मी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी चिन्नीला कामाला येणाऱ्या यादम्माजवळ ठेवून त्यांना वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे दोन डब्या दिल्या, बेडका तपासायला. तात्या डबी हातात घेऊन अवघडून उभे होते. पन्नास वर्षं मान राखून जगलेला माणूस. मी म्हटलं, "तात्या, मी पाठ करून उभी राहते, तुम्ही कोपऱ्यात जा." घरी मात्र आम्ही दोघांनीही सांगितलं, खोकल्याचं औषध आणायला गेलो होतो. थाप मारण्यात माझा हात आता बसलेला होता.

बुधवारी फोन आला. टीबी होता.

पुन्हा विद्यानगर

औषध फुकट मिळतं, बरं होतं, हे दवाखान्यात सांगितलं. नितीन वडिलांवर ओरडला आणि मग त्यांच्याच खांद्याला धरून रडला. गुरुवारी सकाळी सरोजा आली. ती तिथल्या वस्तीची आरोग्यसेविका. निळी साडी, खांद्यावर रजिस्टरची पिशवी, आणि आल्या आल्या घराच्या खिडक्या उघडायला लागली. पडदे सारले, दारं उघडली. मग बसून पाणी प्यायली आणि विचारलं, "घर में छोटा बच्चा है क्या?"

चिन्नी अश्विनीच्या मांडीवर होती. सरोजानं रजिस्टर उघडलं. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं, ती म्हणाली. आणि ही तर पाच वर्षांच्या आतली, हिला बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचंच. आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून सहा महिने गोळी द्यावी लागेल.

"सहा महिने?" नितीन उभाच राहिला. "एवढ्याशा पोरीला? लिव्हरचं काय होईल? तिची लस झालीय ना. कार्ड आण अश्विनी."

अश्विनीनं कार्ड आणलं. इथे पहिल्या वेळी लस द्यायला नेलं तेव्हा सिस्टरनं दंडावरचा डाग बघून पहिल्या ओळीत टीबीच्या लसीपुढे बरोबरची खूण केली होती. अश्विनी म्हणाली, "मावशीनं परभणीतच दिलीय. हा बघा डाग." आणि तिनं झबल्याची बाही वर केली.

सरोजानं डाग पाहिला, मान हलवली. "अच्छा है. फिर भी ले जाओ."

"लस असून पण गोळ्या म्हणजे लसीचा उपयोग काय?" नितीन म्हणाला. "बाबांना वेगळ्या खोलीत ठेवतो, बस झालं. पोरीला विनाकारण दवाई नाही देणार."

अश्विनीही मान हलवत होती. तिला आधार होता त्या डागाचा. सगळ्या घराला आधार होता.

मी सरोजाला विचारलं, "और टीका नहीं हुआ होता तो?"

ती माझ्याकडे वळली. तिनं जे सांगितलं ते अगदी साध्या शब्दांत सांगितलं. मोठ्या माणसाला हा रोग छातीत होतो. लस न झालेल्या तान्ह्या पोराला तो सगळ्या अंगात पसरू शकतो, मेंदूत जाऊ शकतो. लस रोग येऊच देत नाही असं नाही, पण पोरांना त्या वाईट रूपापासून वाचवते. "हमारी बस्ती में एक बच्चे को मैं देखी अम्मा. दिमाग में गया था. अब चलता नहीं."

चिन्नी माझ्याकडे बघून हसत होती. तिला नुकतेच दोन दात आले आहेत.

"तो डाग लसीचा नाही," मी म्हणाले.

कुणाला कळलंच नाही. मी पुन्हा म्हणाले. "बिब्ब्याचा आहे. मी लावला. तू तापात होतीस. डॉक्टरांनी लस नंतर द्यायला सांगितलं होतं, कागदावर माझी सही आहे. मी तुला खोटं बोलले अश्विनी. तिला लस झालेलीच नाही."

नितीननं एवढंच म्हटलं, "मावशी, तुम्ही टीचर होता." त्यानं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. अश्विनीनं चिन्नीची बाही खाली केली, तिला उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सरोजानं रजिस्टरमध्ये काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बोल दिए ना अम्मा, अच्छा किए."

मला काही अच्छं वाटलं नाही.

हिमायतनगर

शुक्रवारी हिमायतनगरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. अश्विनी मला नको म्हणाली नाही, ये म्हणालीही नाही. मी ऑटोत बसले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा. चिन्नीला त्यांनी आधी खेळवलं, मग वजन केलं, मग मानेखाली, काखेत बोटांनी हळूहळू चाचपलं. दंडावरच्या डागापाशी आल्या आणि विचारलं, हे काय? मला बिब्ब्याला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. मी म्हटलं, काळं बी असतं, धोबी कपड्यांवर खूण करतात त्याचं.

"नल्लजीडी!" त्या म्हणाल्या. "आमच्या गावीही लावतात. माझ्या आजीनं माझ्या भावाला लावलेलं आहे." मला इतकं आश्चर्य वाटलं! एवढ्या लांब, दुसऱ्या भाषेत, तेच बी आणि तशाच आज्या. पण अश्विनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझी उत्सुकता गिळून टाकली.

नितीननं त्यांना विचारलं, लस झाली असती तर? त्या म्हणाल्या, "तरी मी हेच केलं असतं. घरात मोठ्याला टीबी आणि मूल लहान, म्हणजे मूल तपासायचंच. पण लस झालीय म्हणून लोक आणतच नाहीत. तुम्हीही आणलं नसतं, खरं ना?" नितीननं कबुलीची मान हलवली.

छातीचा फोटो काढला. मग चिन्नीच्या हातावर, मनगटाच्या वर, बारीक सुईनं थेंबभर औषध कातडीत घातलं आणि भोवती पेनानं गोल काढला. "रविवारी दाखवा. चोळू नका. इथं फुगलं की समजायचं, जंतू अंगात शिरलाय."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तात्यांची खाट गॅलरीला लागून असलेल्या खोलीत गेली. दुपारी दोन वाजले की चिन्नी आरामखुर्चीकडे हात करून रडायची. मी तिला त्याच खुर्चीत बसून छातीवर घेतलं, तर तिनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि जास्तच जोरात रडायला लागली. भिंतीपलीकडे तात्यांना ऐकू जात होतं. ते खोकलेसुद्धा नाहीत तेव्हा. मी अंबाडीची भाजी कण्या घालून केली. अश्विनीनं ती खाल्ली आणि ताट उचलून आत गेली. आणि मी? भांडी घासताना, खिडकी पुसताना, दर तासाला काहीतरी निमित्त काढून त्या पेनाच्या गोलाकडे बघत होते. शनिवारी संध्याकाळी तिथं लाल दिसलं. मी स्वतःला सांगितलं, डास चावला असेल. मग स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा डागाला खोटं नाव द्यायला निघाले होते.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी पारदर्शक पट्टी लावून मोजलं. एकदा आडवं मोजलं आणि मग खात्रीसाठी परत.

"जंतू शिरलाय," त्या म्हणाल्या. "आजार झालेला नाही. छाती स्वच्छ आहे, वजन ठीक आहे. वेळेवर आणलंत. सहा महिने रोज गोळी, एकही दिवस चुकवायचा नाही. राहिलेल्या लसीचं पुढे बघू, ते मी सांगेन."

मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही. "लस दिली असती तर शिरला नसता का?"

त्यांनी चष्मा काढला. "शक्यता कमी झाली असती. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

मला तिथेच रडू कोसळलं. त्या खेळण्यांच्या खोलीत, भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेले, आणि मी साठी उलटलेली बाई पदर तोंडाला लावून रडतेय. त्यांनी "हो" म्हटलं असतं तर मी शिक्षा तरी भोगली असती, "नाही" म्हटलं असतं तर सुटले असते. आता हे मला जन्मभर कळणार नाही.

गोळीची वेळ

पंधरा दिवसांची मी चोवीस दिवस राहिले ती यामुळे. बाकी सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, आम्ही चौघंही बिनआजाराचे निघालो. म्हणजे मी, अश्विनी, नितीन आणि कामाला येणारी यादम्मा. पाळणाघरानं जरा थांबा म्हटलं, म्हणून चिन्नीला आंघोळ, खिमटी, फिरवणं माझ्याकडेच होतं. गोळी मात्र अश्विनी स्वतः द्यायची. सकाळी ऑफिसला जाण्याआधी गोळी वाटीत चमच्यानं चुरायची, थेंबभर पाण्यात कालवायची, पाजायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. मी हात पुढे केला तर, "राहू दे, मी देते." तेवढंच. त्या चार शब्दांत काय होतं ते मला कळत होतं, आणि मी वादही घातला नाही.

तात्यांनी एक युक्ती काढली. त्यांच्याही गोळ्या सकाळीच असायच्या. ते गॅलरीत खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून बसायचे. मधे काचेचं बंद दार. अश्विनीनं चमचा उचलला की ते मास्क खाली करून स्वतःची मूठभर औषधं तोंडात टाकायचे आणि काचेतून ओरडायचे, "चिन्नी! मी घेतलं, आता तू! हौ, गीळ, शाबास!" पोर त्यांच्याकडे बघता बघता गिळून टाकायची. दोघांनाही दुपारची झोप परत हवी होती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडे दिवस.

पट्ट्याचं तिसरं भोक आता लागत नाही म्हणाले तात्या, मी निघायच्या आदल्या दिवशी.

निघायच्या सकाळी मी बॅग भरत होते. पेसरट्टूवाल्या बाईनं दिलेली मुगाची पुडी, गोंगुऱ्याची बाटली, चार सुतळीचे गुंडे, कारण तात्यांनी ऐकलं नाही. अश्विनी ऑफिसचा ड्रेस घालून खोलीत आली, दार लोटलं आणि उजेडात, खिडकीपाशी उभी राहिली. तिनं डावी बाही खांद्यापर्यंत वर केली.

"मावशी, आजीनं तुम्हा सगळ्या भावंडांना बिब्बा लावला होता ना, इथंच?"

"हो."

"मग हा माझा डाग कसला आहे? लसीचा का बिब्ब्याचा?"

मी चष्मा लावला. तिचा दंड हातात धरला. लहान असताना हाच दंड धरून तिला शाळेत ओढत नेलं होतं. डाग जुना, गोल, मधे थोडा खोलगट, कातडी कागदासारखी. ताई असती तर तिनं सांगितलं असतं. ताईचं बाळंतपण आईकडे झालं होतं, आणि आईच्या देवळीत बिब्ब्याची डबी कायम असायची. "लसीचा" म्हणायला एक शब्द पुरला असता. अश्विनीला बरं वाटलं असतं, आणि माझी गाडी वेळेवर सुटली असती.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

तिनं बाही खाली ओढली. बाहेर गॅलरीत तात्या खुर्ची सरकवत होते. अश्विनी स्वयंपाकघरात गेली, वाटी आणि चमचा घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"आज गोळी तू दे," ती म्हणाली.